सगळ्यात तगडा बोकडच का मरतो?

मिरगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले, धुऱ्यावर हिरवं लुसलुशीत गवत आलं, की यवतमाळकडच्या खेड्यात मला हा प्रश्न हटकून ऐकू येतो. विचारते बहुतेक वेळा घरची बाईच, कारण बकऱ्या तिच्या असतात. "काल सांजेपर्यंत चांगला चरत होता, डॉक्टर. सकाळी पाह्यलं त मेलेला. अन् मेला तोही सगळ्यात तगडाच. कोनं जहर टाकलं असन काय?"

जहर खरंच होतं, ताई. पण ते शेजाऱ्यानं टाकलं नाही, बोकडाच्या आतड्यातच तयार झालं. अशाच एका बोकडापायी दोन घरांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

रोगाचं नाव आंत्रविषार. जंतू क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, डी प्रकारचा. धडधाकट बकरीच्या आतड्यातही तो थोडाथोडका असतो आणि गुमान राहतो. मग एखाद्या दिवशी बोकड ढेपेच्या टोपल्यात तोंड घालतो, नाहीतर ज्वारीच्या राशीवर ताव मारतो. कोठीपोटात पचायला हवा तो दाणा तसाच पुढे लहान आतड्यात उतरतो. जंतूला एवढं पिष्ट मिळालं की तो झपाट्यानं वाढतो. मिरगानंतरचं कोवळं गवत एकदम पोटभर खाल्लं तरी असंच होऊ शकतं. प्रयोगशाळेत, मानवेल अशा तापमानाला, तो दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट होतो. त्या वेगानं हिशेब केला तर तीन तासांत एकाचे अडीच लाखांवर होतात. तगड्या बोकडाचं कारण इथंच आहे. बाकीच्यांना ढकलून सगळ्यात जास्त तोच खातो.

पण विष कशाला? या जंतूला बरीचशी अमिनो आम्लं स्वतः बनवताच येत नाहीत. 2002 साली जपानी शास्त्रज्ञांनी त्याच्या एका वाणाची पूर्ण जनुकमाला वाचली, तेव्हा ती बनवणारी कितीतरी जनुकं त्यात सापडली नाहीत. म्हणजे घरात चूल नाही, जेवायचं ते यजमानाच्याच ताटातलं. ताट पुरेनासं झालं की यजमानाच्या पेशी फोडून. त्याचे ए ते जी असे सात प्रकार मानतात तेही कोण कुठलं विष बनवतो यावरूनच.

मला वर्षानुवर्षं चकित करणारी गोष्ट पुढे आहे. डी प्रकाराचं एप्सिलॉन विष जंतूतून बाहेर पडतं तेव्हा जवळपास निकामी असतं. बोकडाच्या स्वादुपिंडातून येणारं ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं पचवणारं विकर, त्या रेणूचा एक तुकडा कापतं आणि ते हजारपटीच्या आसपास जहाल होतं. जनावराचं पचन उत्तम चाललंय, हेच विषाच्या पथ्यावर पडतं. मग ते रक्तात शिरतं, मेंदूतल्या रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. मान पाठीकडे ओढली जाते, पाय सायकल मारल्यासारखे झाडतात. बकरीत त्याआधी पातळ जुलाबही दिसतात, पण रात्री गोठ्यात कोण पाहतं?

याच जंतूच्या सी प्रकाराचं बीटा विष नेमकं उलटं. ट्रिप्सिन त्याला नष्ट करतं. म्हणून ते गाठतं नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला, कारण चिकातच ट्रिप्सिनला रोखणारा घटक असतो. तो असतो आईची प्रतिपिंडं पिल्लाच्या पोटात पचून जाऊ नयेत म्हणून, आणि त्याच आडोशाला बीटा विषही टिकतं. जंतूची जात एकच, पण एकाला मोठ्याचं पचन हवं, दुसऱ्याला तान्ह्याचं अपुरं पचन. हे ऐकून चीक पाजायचा मात्र थांबवू नका. त्याच्याशिवाय पिल्लू कशालाच तोंड देऊ शकत नाही.

मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून काळपट रक्त आलं असेल तर ते कापू नका, हात लावू नका. तो फाशी रोग, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकतो, आणि तो माणसालाही होतो. आधी दवाखान्यात कळवा.

उरलेल्या बकऱ्यांचा दाणा आणि ढेप आजच थांबवा, तुरीचं कुटार टाका. आंत्रविषाराची लस म्हणजे हेच विष फॉर्मेलिननं मारून केलेलं. ती मिरगाच्या आधी, मे महिन्यातच टोचून घ्या. पहिल्यांदाच देत असाल तर दुसरी टोचणी डॉक्टर सांगतील त्या तारखेला, चुकवू नका. गाभण बकरीला विण्याच्या महिनाभर आधी दिली, तर पहिले काही आठवडे तिच्या चिकातूनच पिल्लाला संरक्षण मिळतं.