शेवटचा आकडा

दसऱ्यानंतरचा पहिला सोमवार आमच्या बाकड्यावर गर्दीचा असतो. खंडेनवमीला पेटीतून, कपाटातून काढलेलं हत्यार माणसानं वर्षातून एकदा उजेडात नीट पाहिलेलं असतं. पाहिलं की उडालेला रंग दिसतो, आणि रंग उडालेला दिसला की ते आमच्याकडे येतं. कोल्हापुरात परवानाधारक दुकानात दुरुस्तीचं काम करायला लागून मला एकतीस वर्षं झाली. त्याआधी याच बाकड्यावर माझे वडील बसत. काम जास्त करून बारा बोअरच्या बंदुकांचं. राधानगरी, भुदरगडकडे गवे आणि रानडुकरं पिकात उतरतात, तिकडच्या शेतकऱ्यांकडे पीक-संरक्षणाच्या बंदुका असतात. रिव्हॉल्वर त्यामानानं कमी येतात.

१४ ऑक्टोबर २०२४. दुपारी दोनच्या सुमारास बापलेक आले. मुलगा पंचेचाळिशीचा, बोलका. वडील, म्हणजे आण्णा, ऐंशीच्या घरातले, डोक्याला पटका, आल्यापासून गप्प. मुलानं आधी परवान्याचं पुस्तक ठेवलं, मग चामड्याचं होल्स्टर.

"मिस्त्री, आमच्या आजोबांचं आहे, आबांचं. माझ्या नावावर होऊन दोन वर्षं झाली. पण हे बघा की, कसं दिसतंय. लाज वाटती पूजेला मांडायला."

आत वेब्ली रिव्हॉल्वर होती. मार्क फोर, .३२ बोअर, बर्मिंगहॅमची. मधून मोडून उघडणारी. खटका दाबून उघडली, काडतुसांची सहाही घरं रिकामी असल्याची बोट घालून खात्री केली आणि मगच दिव्याखाली घेतली. नळीवर पिवळट-तांबडे डाग होते. ओल्या हळदीकुंकवाचे. त्याखाली गंजानं काम सुरूही केलं होतं. हे दरवर्षी पाहतो. पूजा मनापासून होते, पण गंध पुसायचं राहतं, वरून झेंडूची ओली फुलं रात्रभर ठेवली जातात, आणि मग हत्यार जातं पुन्हा चामड्याच्या होल्स्टरमध्ये. चामडं ओल धरतं, त्यात कमावण्याचे क्षार असतात. होल्स्टर अंगावर बाळगण्यासाठी असतं. कपाटात ठेवायचं तर तेलाचा हात फिरवलेल्या सुती कापडात ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

मुलाची यादी तयार होती. सगळ्याला निकलचा मुलामा द्यायचा. चक्रीवर, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या नळकांड्यावर, बारीक खड्डे पडलेत, तर कानपूरच्या रिव्हॉल्वरची नवी चक्री बसवायची. मुठीची एक फळी कोपऱ्यात टवका उडालेली, तर दोन्ही फळ्या बदलायच्या. खर्चाची काळजी नको.

निकल म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. ब्लूइंग, म्हणजे हत्याराचा मूळचा निळसर-काळा रंग, हा वरून फासलेला नसतो. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या द्रावणात, १४० अंशांच्या आसपास, पोलादाचा वरचा पापुद्राच काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. थर जेमतेम एखाद-दोन मायक्रॉनचा. तो एकटा गंज फारसा थोपवत नाही, तेल धरून ठेवतो इतकंच. म्हणून जुन्या हत्याराचं ब्लूइंग कडांवरून गेलं, तर त्यानं हत्याराचं काही बिघडत नाही. निकल मात्र वरून चढतं. ते चक्रीच्या घरांत चढलं की काडतूस अडकायला लागतं, आणि चढवण्याआधी ॲसिडमध्ये बुडवताना हायड्रोजन शिरून स्प्रिंगा ठिसूळ होतात. शिवाय ब्लूइंग नवं करा की निकल करा, आधी पॉलिश आलंच. पॉलिश म्हणजे पोलाद काढणं. खड्डा जितका खोल, तितकं सगळीकडचं पोलाद खाली आणावं लागतं, तेव्हा कुठे पृष्ठभाग सपाट दिसतो.

हे सांगून मी आधी तब्येत तपासायला घेतली. घोडा सावकाश चढवत चक्रीचं एकेक घर नळीसमोर बरोबर येऊन थांबतं का ते पाहिलं. सहाही थांबली. चाप दाबून धरून चक्री हलवली, हलणं नावापुरतं. नळी आणि चक्रीमधली फट फीलर गेजनं मोजली, ठीक. बिजागरीला ढिलाई नाही, वरचा खटका घट्ट. उघडल्यावर काडतुसं उचलणारा ताऱ्याच्या आकाराचा भाग सरळ वर येतो आणि सुटून परत बसतो. चक्रीवरचे खड्डे बाहेरच्या अंगाला होते, वरवरचे. घरांच्या आतल्या भिंती आरशासारख्या. ज्या भागांवर गोळीचा दाब येतो त्यांतला एकही खराब नव्हता.

"काही बदलायची गरज नाही," मी म्हणालो. "मुठीचा स्क्रू तेवढा गंजलाय."

मुलाचा चेहरा पडला. "मग ही झीज?"

झीज. त्या शब्दानं मी पुन्हा दिव्याखाली वाकलो. वडील शिकवताना पहिला प्रश्न हाच विचारायचे, रंग गेलाय तो कुठून गेलाय? होल्स्टरची झीज ठरलेल्या जागी होते. नळीच्या तोंडाशी, माशीच्या, म्हणजे नेम धरायच्या उंचवट्याच्या, दोन्ही बाजूंना, चक्रीच्या कडांवर. हाताची झीज मुठीच्या पाठीवर आणि खटक्यावर. या वेब्लीवर ती सगळी होती, आणि सुंदर होती, हे मी मनापासून म्हणतो. नळीच्या तोंडाशी काळा रंग हळूहळू राखाडी होत गेलेला, साठेक वर्षांच्या वापराचा. डाव्या बाजूच्या सपाट पोलादावर बर्मिंगहॅमचं मूळ ब्लूइंग अजून होतं, गडद निळं.

उजवी बाजू मात्र पांढरी होती. सपाट भाग, जिथे ना होल्स्टर घासतं ना हात. आणि भिंगाखाली तिथे बारीक समांतर रेघा होत्या, सगळ्या एकाच दिशेनं. कुणीतरी काचकागद फिरवला होता. फिरवून फार वर्षं झाली असावीत, कारण रेघांच्या तळाशी जुना तपकिरी थर बसला होता.

त्याच बाजूला नंबर असतो.

मी परवान्याचं पुस्तक ओढून घेतलं. पुस्तकातला शेवटचा आकडा ८. हत्यारावरचा भिंगाखाली ३. दिवा आडवा धरला, डावीकडून, उजवीकडून. ३च. ठशाचा डावा भाग मुळात उथळ पडला असेल किंवा त्या बाजूला कागद जास्त फिरला असेल. ८ चे डावे अर्धगोल पुसले गेले की उरतो तो ३.

हात थांबला. माझ्या कामात चक्रीची चूक सुधारता येते, स्प्रिंग नवी करता येते. नंबरचं तसं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ८ म्हणतं की अग्निशस्त्रावरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण कुणीही खोडायची, काढायची वा बदलायची नाही. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी बहुतेक परवानाधारकांना माहीत नसते. असं हत्यार ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानंच ते केलं असं गृहीत धरलं जातं. उलट असेल तर ते त्यानं सिद्ध करायचं. आबांनी, आण्णांनी की आणखी कुणी, हा प्रश्न नंतरचा. आज परवाना मुलाच्या नावावर, म्हणजे गृहीत धरायचा तो मुलगा.

मी दोघांना बाकड्याच्या आत बोलावलं, भिंग हातात दिलं. मुलानं पाहिलं आणि तो एकदम गप्प झाला.

"आबांनी केलं असंल का?" त्यानं थोड्या वेळानं विचारलं.

"न्हाई," आण्णा म्हणाले. दुकानात आल्यापासूनचा त्यांचा पहिला शब्द. "म्या केलं."

मग ते थांबत थांबत बोलले. लग्नाच्या आधीच्या पावसाळ्यात घर गळलं होतं, पेटीत पाणी शिरलं, रिव्हॉल्वरला एका अंगानं तांबेरा चढला. आबा मुंबईला गेले होते. ते परत यायच्या आत लख्ख करून ठेवावं म्हणून आण्णांनी सुताराकडून काचकागद आणला आणि एक अख्खी दुपार घासत बसले. आबा आले, हातात घेऊन बघितलं आणि काही बोलले नाहीत. तेल लावून पेटीत ठेवलं. त्यानंतर आबा असेपर्यंत आण्णांनी त्या रिव्हॉल्वरला हात लावला नाही.

"चांगलं दिसावं म्हणून केलं हो," ते मला म्हणाले, जणू मी आबा होतो.

मला त्यांना सांगावंसं वाटलं की याहून वाईट हातांनी घासलेली हत्यारं मी पाहिली आहेत, बफिंग मशीनवर धरून नंबर सपाट केलेली, तीही धंदेवाईक माणसांनी. सांगितलंही. पण त्यांचं लक्ष मुलाकडे होतं.

मग मी चक्रीकडे वळलो. वेब्लीत नंबर एकाच जागी नसतो, हे घासणाऱ्याला ठाऊक नसतं. चक्री सोडवून बाहेर काढली, रॉकेलच्या बोळ्यानं पुसली. खड्ड्यांच्या मधोमध, कडेला, बारीक अक्षरांत तोच नंबर होता. शेवटचा आकडा ८, दोन्ही गोल पूर्ण, कडा धारदार. नळीच्या खालच्या अंगालाही तोच, तिथे थोडा फिका पण वाचता येण्याजोगा.

आबांच्या हत्याराचा खरा साक्षीदार ती चक्रीच होती, जी मुलाला सगळ्यात कुरूप वाटली होती आणि जी काढून त्याला कानपूरची बसवून हवी होती. दिसायला कानपूरची .३२ याच घराण्यातली, मधून मोडणारी, पण चक्री एकाची काढून दुसऱ्याला जशीच्या तशी बसत नाही. घासून, जुळवून बसवावी लागते, आणि सहाही घरांचं थांबणं पुन्हा नव्यानं साधावं लागतं. ते साधलंही असतं. पण जुनी चक्री वेगळी पडली असती, तिची नोंद वेगळी करावी लागली असती, कारण कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रातच येतात. आणि हत्यारावर उरला असता तो फक्त एक संशयास्पद ३. निकल केलं असतं तर पॉलिशमध्ये तोही गेला असता.

मुलानं चक्री हातात घेतली आणि अंगठ्यानं त्या खड्ड्यांवरून, नंबरावरून हात फिरवला. बराच वेळ.

पुढचं काम कागदाचं. तिन्ही ठिकाणच्या नंबरांचे आडव्या उजेडात फोटो काढले, दुकानाच्या लेटरहेडवर तपासणीचा अहवाल लिहिला. फ्रेमवरचा ठसा जुन्या घासण्यानं फिका, चक्री आणि नळीवरचा पूर्ण, परवान्याशी जुळणारा. त्यांनी तो जोडून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत स्वतःहून अर्ज द्यावा असं सांगितलं. घाई होती. विधानसभेची निवडणूक आज-उद्या जाहीर होणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. जमा करून घेणारा माणूस हत्यारावर जे दिसेल ते पावतीवर लिहितो. त्यानं ३ लिहिला असता तर परत घेताना पुस्तक, पावती आणि हत्यार यांची तीन तोंडं तीन दिशांना झाली असती. दुसऱ्याच दिवशी, १५ तारखेला, निवडणूक जाहीर झाली.

हत्यार मी त्या दिवशी ठेवून घेतलं, रजिस्टरला रीतसर नोंद करून, आणि रात्री उशिरापर्यंत त्यावर बसलो. हळदीकुंकवाच्या डागांवर पातळ तेल सोडून ठेवलं आणि मऊ सुती कापडानं, फक्त कापडानं, उचललं. लोखंडी काथ्याही वापरला नाही. दोन जागी बारीक टिपके राहिले, ते राहू दिले. मुठीच्या फळ्या उतरवल्यावर आत घामाचा जुना गंज होता, तो तांब्याच्या पट्टीनं खरवडला. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज सुटतो आणि पोलादाला ओरखडा येत नाही. टवका उडालेली फळी तीच परत बसवली. पांढऱ्या पडलेल्या बाजूला कोल्ड ब्लू, म्हणजे न तापवता पोलाद काळं करणारं द्रावण, लावायचा मोह झाला होता, दिसायला बरं झालं असतं. पण त्यात ॲसिड असतं, आणि त्या उरलेल्या ठशाला कसलीही खाज मला नको होती. तिथे फक्त तेल, आणि वरून मेणाचा पातळ हात.

मंगळवारी सकाळी बापलेक न्यायला आले. मुलानं यावेळी होल्स्टर आणलं नव्हतं, धुतलेलं जुनं धोतर फाडून आणलं होतं. आण्णांनी बाकड्यावरची रिव्हॉल्वर उचलली, उघडून रिकामी असल्याचं पाहिलं, उजवी बाजू वर करून दिव्याखाली धरली. मग ती मुलाकडे दिली आणि चक्रीवर बोट ठेवून म्हणाले, "हितं वाचायचा. ध्येनात ठेव."

जमा केल्याची पावती मुलानं मला त्याच आठवड्यात फोनवर पाठवली. नंबर पूर्ण होता आणि पुढे कंसात लिहिलं होतं, चक्रीवरून वाचला.

माझ्या रजिस्टरमध्ये त्या दिवशीची नोंद एका ओळीची आहे. सफाई, तेल, मेण. बदललेले भाग : मुठीचा स्क्रू, एक.