मग मारियलकडे चिकाटी नव्हती का?

मी न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात एका सरकारी शाळेत इंग्रजी नव्यानं शिकणाऱ्या मुलांना शिकवते. इयत्ता सातवी. वर्गातली बहुतेक मुलं निर्वासित कुटुंबांतली आहेत: काँगोची, सोमालियाची, आणि म्यानमारमधून थायलंडच्या छावण्यांत व तिथून इकडे आलेली कारेन मुलं. काहींचा तर जन्मच छावणीतला.

हिवाळ्याच्या सत्रात आम्ही लिंडा स्यू पार्क यांची 'अ लाँग वॉक टू वॉटर' ही छोटी कादंबरी वाचतो. 2010 साली आलेलं हे पुस्तक इकडच्या पुष्कळ शाळांत सातवीला असतं. ज्याची ही गोष्ट, तो सालवा दुत खरा माणूस आहे. 1985 साली, दक्षिण सुदानमधल्या आपल्या गावी हा अकरा वर्षांचा, डिंका जमातीचा मुलगा वर्गात बसलेला असताना गोळीबार सुरू झाला. गुरुजींनी मुलांना सांगितलं, घराकडे जाऊ नका, रानात पळा. तिथून त्याची पायपीट सुरू झाली: आधी इथिओपिया, मग केनिया. 1996 साली तो रॉचेस्टरला आला. ते शहर आमच्यापासून गाडीनं तास-सव्वा तासावर. त्यामुळे मुलांना तो पुस्तकातला वाटतच नाही, शेजारचा वाटतो.

त्या दिवशी पुस्तक संपत आलं होतं आणि उजळणीचा तास होता. भिंतीवर मोठा कागद लावलेला: 'सालवा कशामुळे वाचला?' मुलांच्या हातात छापील प्रश्नपत्रिका. त्यातला मुख्य प्रश्न असा, की सालवाच्या कोणत्या गुणामुळे तो जिवंत राहिला? पुस्तकातून पुरावा द्या. अपेक्षित उत्तर सगळ्यांना पाठ होतं, चिकाटी. पुरावाही ठरलेला, अकोबोचं वाळवंट.

तो भाग आहेच तसा. सालवाच्या चपला फाटून गेलेल्या, पायात काटे घुसलेले, दगडाला ठेचकाळून बोटाचं नख उपटलेलं. पोर रडायला लागतं, श्वास लागतो. तेव्हा बरोबरचे ज्युईर काका त्याला पूर्ण नावानं हाक मारतात आणि पुढचं एक झुडूप दाखवतात. तेवढं गाठायचं, बाकी काही नाही. ते गाठलं की दुसरं काहीतरी दाखवतात, मग तिसरं. असं करत करत वाळवंट पार होतं. मी हा भाग कितीदा तरी वाचून दाखवला आहे, आणि तो वाचताना अजूनही माझा आवाज बदलतो.

मुलं लिहीत होती. माझी सहशिक्षिका आणि मी बाकांमधून फिरत होतो. काकुमाहून आलेल्या मुलीनं लिहायचं थांबवून हात वर केला. काकुमा म्हणजे वायव्य केनियातली, तुर्काना भागातली निर्वासितांची छावणी. 1992 साली मुख्यतः सुदानमधून चालत आलेल्या सालवासारख्या मुलांसाठीच ती सुरू झाली, आणि आजही चालू आहे. ही मुलगी काँगोची, पण वाढली तिथेच. एरवी ती फार बोलत नाही.

"मिस, मग मारियलकडे चिकाटी नव्हती का?"

मारियल हा सालवाच्याच वयाचा मुलगा. वाटेत दोघांची मैत्री होते. दोघं बरोबर चालतात, बरोबर भूक काढतात. एका रात्री सगळे झोपलेले असताना सिंह त्याला ओढून नेतो. पुस्तकात त्याला थोडीच पानं मिळाली आहेत.

वर्गात सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "तूच सांग. तुला काय वाटतं?"

"तोही तेवढंच चालला होता," ती म्हणाली. "इथे लिहिलंय, चिकाटी होती म्हणून सालवा वाचला. मग जो वाचला नाही, त्यानं काय कमी केलं?"

मागून एक कारेन मुलगा म्हणाला, "सिंहाला चिकाटी कशी दाखवणार?" कोणी हसलं नाही. तो अगदी मनापासून विचारत होता. मग तिसरं कोणीतरी म्हणालं, की काका तर सगळ्यांत चिकाटीचे होते, तरी त्यांना गोळ्या घातल्याच ना. खरंच आहे. नुएर या दुसऱ्या जमातीचे बंदूकधारी त्यांना लुटतात, काकांना झाडाला बांधतात आणि सालवाच्या डोळ्यांदेखत मारतात. बरोबरचे लोक एका जनावरानं उकरलेल्या खळग्यात त्यांना पुरतात आणि त्यांचा मान म्हणून त्या दिवशी पुढे चालत नाहीत.

सहशिक्षिकेनं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाली, "चालू दे." मी भिंतीवरच्या कागदावर उभी रेघ मारून दोन नवे रकाने केले. एक, दुसऱ्यांनी काय दिलं. दुसरा, कोणाच्याच हातात काय नव्हतं. आणि सांगितलं, पुरावा पुस्तकातलाच हवा, मनाचं चालणार नाही.

पुढचा अर्धा तास वर्ग नुसता पानं उलटत होता. शेंगदाणे देणारी ती म्हातारी सापडली, जिनं झोपडीशी आलेल्या एकट्या पोराला ठेवून घेतलं. काकांची बंदूक सापडली, तिच्यामुळे सगळ्यांना मांस मिळालं होतं. पण खरा धक्का दिला तो गिलो नदीच्या पानानं. 1991 साली इथिओपियातलं सरकार पडलं, छावण्या रिकाम्या करायला लावल्या, आणि सैनिकांनी बंदुकांच्या धाकानं हजारो लोकांना फुगलेल्या नदीत ढकललं. नदीत मगरी, काठावरून गोळीबार. पोहत असलेल्या सालवाच्या गळ्याला एक मुलगा मिठी मारतो आणि त्याला पाण्याखाली ओढतो. सालवा गुदमरतो, आणि अचानक ती मिठी सुटते. त्या मुलाच्या मानेत गोळी शिरलेली असते. आपण त्या क्षणी पाण्याखाली होतो म्हणूनच बहुधा वाचलो, हे सालवाला नंतर उमगतं.

हे पान एका सोमाली मुलानं शोधलं. त्यानं मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "हे कुठल्या रकान्यात?" त्यावर वर्गात बराच वाद झाला. कोणी म्हणालं दुसऱ्यानं दिलेलं, कोणी म्हणालं त्यानं कुठे दिलं, तो तर स्वतः बुडत होता. शेवटी त्यांनी ते दोन रकान्यांमधल्या रेघेवरच लिहिलं.

वाद चालू असताना काकुमाची मुलगी म्हणाली, "माझा मोठा भाऊ माझ्यापेक्षा धट्टाकट्टा होता. तो कायम पुढे असायचा." एवढंच. आम्ही अशा वेळी खोदून विचारत नाही. मुलाला जेवढं सांगायचं तेवढंच ऐकतो. मी मान हलवली. तिच्या शेजारणीनं आपली वही तिच्याकडे सरकवली, आणि दोघींनी मिळून पुढचं लिहिलं.

मग तिनं आणखी एक विचारलं, "आणि मुली कुठे गेल्या?"

हे मला सांगता येण्यासारखं होतं. सुदानमधून निघालेल्या सुमारे 20,000 मुलांना जगानं 'लॉस्ट बॉइज' म्हटलं. 2001 च्या सुमारास अमेरिकेनं त्यांतल्या 3,800 च्या आसपास तरुणांना इकडे आणलं. मुलीही तेवढंच अंतर चालल्या होत्या. पण छावणीत मुलगे एकत्र, वेगळे राहत, तर मुलींना कुठल्या तरी कुटुंबात दिलं जाई. तिथे त्यांनी पाणी भरलं, लाकडं गोळा केली, दुसऱ्यांची पोरं सांभाळली. घरात राहतात म्हणून 'बेवारस मुलं' या यादीत त्यांचं नावच लागलं नाही, आणि परदेशी नेण्याची वेळ आली तेव्हा अगदी थोड्या मुली निघाल्या. मी हे सांगत असताना ती मुलगी मान डोलावत होती. तिला पाण्याचं माहीत होतं. काकुमात नळाच्या रांगेत माणसाऐवजी पिवळे कॅन उभे करून ठेवतात, हे तिनंच मला मागे सांगितलं होतं. आमच्या कोल्हापुरात सार्वजनिक नळावर बायका नंबराला घागर लावायच्या, तसंच. माझं मत विचाराल तर त्या मुलींच्या चिकाटीवर अजून पुरेशी पुस्तकं आलेली नाहीत, आणि ही उणीव मोठी आहे.

कोल्हापूरचं नाव निघालंच, म्हणून मी वर्गाला वळिवड्याची गोष्ट सांगितली. सोव्हिएत सत्तेनं 1940-41 मध्ये पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना घरांतून उचलून मालगाड्यांत कोंबलं आणि सायबेरिया, कझाकस्तानला नेलं. जर्मनीनं रशियावर हल्ला केल्यावर त्यांना सोडलं गेलं. 1942 मध्ये काही जण कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचले आणि तिथून पुढे हिंदुस्थानात. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला अशा सुमारे 5,000 पोलिश लोकांची वस्ती होती, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. शाळा, चर्च, दवाखाना, स्काउटचं पथक, सगळं होतं.

रशियातून बाहेर पडलेल्या पोलिश मुलांकडून तेव्हा शाळाशाळांत निबंध लिहून घेतले होते. ते आज अमेरिकेत स्टॅनफर्डच्या हूवर इन्स्टिट्यूशनमध्ये आहेत. त्यांतल्या 120 लेखांचं 'वॉर थ्रू चिल्ड्रन्स आइज' हे पुस्तक 1981 साली निघालं. मी ते वाचलं आहे. साहित्य म्हणून कोणी ते लिहिलेलं नाही, पण निर्वासित मुलांबद्दलचं याहून खरं लेखन मला माहीत नाही. गाडी कधी निघाली, भाकरी किती मिळाली, आधी कोण वारलं, मग कोण. मुलं स्वतःच्या धैर्याबद्दल जवळजवळ काहीच लिहीत नाहीत. आईनं काय विकून पीठ आणलं, ते मात्र बरोबर लिहितात.

"ती मुलं परत घरी गेली?" सोमाली मुलानं विचारलं. बहुतेक नाही गेली, मी म्हटलं. युद्धानंतर सीमा सरकली आणि त्यांची गावं सोव्हिएत संघात राहिली. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, जिथे घेतलं तिथे ती गेली. आणि वळिवड्याच्या त्या वस्तीत फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहायला आले. आज तिथे गांधीनगर आहे, कापडाची मोठी बाजारपेठ. हे ऐकून मुलं खूश झाली. दुकानं म्हटल्यावर त्यांना ती माणसं टिकली याची खात्री पटली असावी.

सालवाच्या चिकाटीला मी कमी लेखत नाही. गिलोनंतर सतरा वर्षांच्या त्या मुलानं सुमारे 1,500 पोरांना घेऊन दीड वर्ष पायपीट केली आणि पुस्तकानुसार 1,200 हून अधिक जण केनियात पोचले. त्यांना चालवायला त्यानं काकांचीच युक्ती वापरली. म्हणजे ती चिकाटी आधी काकांची होती, मग त्याची झाली. 2003 साली त्यानं सुरू केलेल्या संस्थेनं दक्षिण सुदानमध्ये शेकडो विहिरी खोदल्या. हे सगळं खरंच आहे. पण वर्गात भाऊ गमावलेलं मूल बसलेलं असताना 'गुणामुळे वाचला' असं छापून त्याच्या हातात देणं मला पटत नाही. जगलेल्यांची गोष्ट सांगताना मेलेल्यांना नापास केल्यासारखं होतं ते.

त्या संध्याकाळी सहशिक्षिका आणि मी थांबलो आणि प्रश्न नव्यानं लिहिला: सालवानं स्वतः काय केलं, दुसऱ्यांनी त्याच्यासाठी काय केलं, आणि कोणाच्याच हातात काय नव्हतं? मारियलबद्दल तीच तीन उत्तरं लिहा. सातवीच्या इतर शिक्षकांना तो पाठवला. एकीनं कळवलं की मारियलला पानंच किती आहेत, मुलं लिहिणार काय? तिनंही पुढच्या आठवड्यात तो प्रश्न देऊन पाहिला. मारियलवर इतकं लिहून आलं की आता आम्ही तो कागद मागची बाजू कोरी ठेवून छापतो.