यिवूहून आलेली ‘पारंपरकि’ नथ

चीनमधल्या यिवू गावच्या घाऊक बाजारातले कॅल्क्युलेटर बोलतात. बटण दाबलं की चिनी भाषेत आकडा मोठ्यानं म्हणतात. एका मजल्यावर असे शेकडो गाळे, त्यामुळे दिवसभर कुठेतरी पाढ्यांचा तास चालू असल्यासारखं वाटतं. आमच्या समोरच्या बाईंनी तो तीनदा बडवला. दीड युआन. दोन ऐंशी. सहा. वस्तू एकच होती, मोत्यांची दाबाची नथ.

“पूछ रही है, कौनसा मार्केट?” आमची एजंट म्हणाली. पंचविशीतली चिनी मुलगी, हिंदी बोलणारी. भारतीय व्यापाऱ्यांबरोबर हिंडून हिंडूनच ती भाषा शिकली. मी मामाला हाक मारलेली ऐकून पहिल्या दिवसापासून तीही त्याला ‘मामाजी’ म्हणायला लागली होती.

नथ युरोपात कोण घालणार, हा माझा भाबडा प्रश्न. पण बाईंना गिऱ्हाइकाचं नाक नको होतं, मालाचा दर्जा हवा होता. युरोपचा माल, दुबईचा माल, इंडियाचा माल अशीच तिथली परिभाषा. इंडियाचा कोणता, हे सांगायची वेळच आली नाही. मामानं दीड युआनवर बोट ठेवलं.

मामाचं पुण्यात रविवार पेठेत घाऊक कटलरीचं दुकान आहे. कटलरी म्हणजे काटे-चमचे नव्हेत, हे मराठी वाचकांना सांगायला नकोच. टिकल्या, पिना, बांगड्या, क्लिपा, खोटे दागिने. गौरी-गणपतीच्या मालाची ऑर्डर द्यायला तो मार्च २०२५ मध्ये निघाला आणि ‘इंग्रजी बोलायला’ म्हणून मला बरोबर घेतलं. तिथं इंग्रजी कुणाला फारसं लागलंच नाही. कॅल्क्युलेटर आणि फोनमधलं भाषांतर एवढ्यावर सगळं भागतं. पण मी चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या प्लेटिंगची तपासणी करते, आणि ते ज्ञान मामाला नको इतकं उपयोगी पडलं.

शांघायहून वेगवान रेल्वेनं साधारण दीड तासात यिवू येतं. गाव झेज्यांग प्रांतातलं. बाहेरून बाजार पाहिला तर विमानतळ वाटावा. तेव्हा पाच विभाग होते, पंचाहत्तर हजारांच्या वर गाळे. पाट्या चिनी, इंग्रजी आणि अरबीत. दोन दिवसांनी माझे पाय सुजले. मामा मात्र तुळशीबागेत फिरावं तसा फिरत होता. पहिल्या विभागात तळमजल्यावर खेळणी आणि प्लॅस्टिकची फुलं, वर दागिने. खेळण्यांकडे मामानं मानसुद्धा वळवली नाही. पूर्वी तो तीही आणायचा. २०२० मध्ये आपल्याकडे खेळण्यांवरची जकात २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२१ पासून आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला आणि पुढे जकात ७० टक्के. “तो विषय संपला,” एवढंच म्हणून तो सरकत्या जिन्यावर चढला.

या गावाची एक गोष्ट मला फार आवडली. इथली जमीन नापीक. म्हणून शेतकरी थंडीत पाठीवर लाल साखर घेऊन, हातातला खुळखुळ्यासारखा ढोल वाजवत गावोगाव हिंडायचे आणि साखरेच्या बदल्यात कोंबडीची पिसं घ्यायचे. चांगल्या पिसांचे झाडू, उरलेली खताला. थोडक्यात, आपली बोहारीण. जुन्या साड्या घेऊन स्टीलचं पातेलं देणारी. १९८२ साली तिथल्या प्रशासनानं या फेरीवाल्यांना उघडपणे बाजार भरवायची परवानगी दिली आणि त्यातून हे अवाढव्य प्रकरण उभं राहिलं. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, “म्हणूनच घासाघीस रक्तात आहे यांच्या.” स्वतः तो दीड युआनवरून एक तीसवर आणायला वीस मिनिटं झटत होता.

तेवढ्या वेळात मी तिन्ही नथी तळहातावर घेऊन बसले. तिन्ही जस्ताच्या मिश्रधातूच्या, साच्यात ओतलेल्या. दीडवालीच्या मोत्यांवरून नख फिरवलं तर साच्याची शिवण लागत होती, आणि नाकात जाणारं तारेचं टोक कापून तसंच सोडलेलं. रंग म्हणाल तर तिघींत सर्वांत झगझगीत हीच. कारण सोन्याच्या थराखाली निकेल. निकेलवर सोनं छान उजळतं. मात्र ते ‘सोनं’ मायक्रॉनच्या शंभराव्या भागात मोजायचं. घाम लागला की उडतं आणि त्वचेला निकेल भिडतं. कित्येकींना त्याची खाज सुटते. युरोपात अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूंतून किती निकेल सुटलेलं चालेल याची मर्यादा आहे, चौरस सेंटीमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम. सहा युआनवालीला म्हणून निकेलच्या जागी तांबं-कथिलाचा थर होता, तारेचं टोक गोल घासलेलं, शिवणही मिटवलेली. रंग जरा मंद. हातात वजनदार.

एकाच गाळ्यात, एकाच बाईंकडे, एका ट्रेमध्ये या तिघी शेजारी शेजारी. आपण ‘चायना माल’ म्हणून नाक मुरडतो तेव्हा त्यातली पहिलीच आपल्याला माहीत असते. बाकीच्या दोघी आपल्यापर्यंत येत नाहीत, कारण आपल्याकडून गेलेल्या मामांची रांग पहिलीवरच थांबते.

“मामा, निदान मधली घे.”

“पोरी, दुकानात ती साठला जाते. बाईला गौरीपुढे दोन दिवस घालायची असते. तिसऱ्या वर्षी तिला नवी फॅशन हवी.”

यावर माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं. मीही दर गणपतीला नवीच घेते.

आता आमची नथ ज्यावरून बनणार होती, त्या नमुन्याबद्दल. मामानं खिशातून रुमालाची घडी काढून उलगडली होती, त्यात एक नथ होती. मोराच्या मानेचा बाक, मधोमध हिरवा खडा, खाली तीन मोत्यांचा झुबका. ती मुंबईतल्या एका कारागिराच्या मालातली; मामानं दादरला किरकोळीत दोन विकत घेतल्या होत्या. एक नमुन्याला, एक मामीला. नथ सगळ्यांची, मान्य. पण मानेचा तो बाक त्या कारागिराचा. आपल्याकडे २००० सालचा डिझाइन कायदा आहे. आधी कुठे प्रसिद्ध न झालेला आकार नोंदवला तर दहा वर्षं हक्क आणि वाढवून आणखी पाच. त्या माणसानं नोंदवला होता का? मामानं विचारलं नाही आणि मीही, खरं सांगायचं तर, त्या गाळ्यात बसून हा प्रश्न काढला नाही. चहा चालला होता.

गंमत पुढेच आहे. मी फोन वर केला तशी बाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. कॅमेऱ्यावर लाल फुली. फोटो काढायचा नाही. आतल्या एका फळीवर कापड टाकलेलं, नव्या मोसमाचा माल त्याखाली. माहितीतलं गिऱ्हाईक असेल तरच ते कापड वर होतं. एजंटनं समजावलं, “मामाजी, पड़ोसी देख लेगा तो दस दिन में बनाएगा.” म्हणजे दुसऱ्याच्या नथीवरून साचा करायला बसलेली बाई आपले साचे पडद्यात ठेवत होती. साच्याचे वेगळे पैसे पडतात. ते दिले तर साचा तुमचा. किती दिवस तुमचा, असं मी विचारलं. बाई हसल्या आणि बरंच काही बोलल्या. भाषांतर चार शब्दांचं आलं, “पहला पीस बिकने तक.”

चीनमध्ये कायदे नाहीत असं मुळीच नाही. ट्रेडमार्कचा १९८२ चा, पेटंटचा १९८५ पासून लागू, आणि २०१४ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ इथं खास न्यायालयंही झाली. मोठ्या कंपन्या तिथं भांडतात. नऊ-दहा चौरस मीटरच्या गाळ्यातली बाई कापड टाकते.

आणि नकलेची ही वाट चीननं शोधलेलीही नाही. १८८७ साली ब्रिटिश पार्लमेंटनं परदेशी मालावर देशाचं नाव घालायचा कायदा केला तो जर्मनांना धडा शिकवायला. झोलिंगेनचे लोक हलक्या चाकू-सुऱ्यांवर शेफील्डचं नाव ठोकून विकायचे. ‘मेड इन जर्मनी’ हा तेव्हा हिणवायचा शिक्का होता. (खरी कटलरी आणि मामाची कटलरी इथं एकत्र आली.) आणि आपण? उल्हासनगरच्या ‘मेड इन यूएसए’चा (यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन) किस्सा न ऐकलेला माणूस मुंबई-पुण्यात सापडायचा नाही.

जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल आणली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर सर्वांत जास्त संताप मामाचा होता. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, २०१९, महाराष्ट्रातले चार जिल्हे, कर्नाटकातले चार, सगळं त्याला तोंडपाठ झालं. दिवसात अकरा मेसेज पुढे ढकलले त्यानं. मी फक्त त्या रुमालाच्या घडीचा फोटो टाकला. काढला होता मी, बाईंचं लक्ष चुकवून. मामानं त्यावर अंगठा दिला. बहुतेक त्याला वाटलं, मी नथीची जाहिरात करतेय.

तर, ऑर्डर. मामानं दीडवालीच ठरवली, एक चाळीसला. माझ्या हट्टाखातर एवढंच कबूल केलं की तारेचं टोक गोल घासायचं. बाईंनी त्याचे पाच पैसे वाढवले. निकेलचा कागद ना मामानं मागितला, ना पुढे आमच्याकडे कुणी मागितला.

नथ लावायचा पुठ्ठाही तिथंच छापायचा होता. मामानं कागदावर लिहून दिलं, ‘पारंपरिक मराठमोळी नथ’. संध्याकाळी बिनवांगच्या रात्रबाजारात उभ्या उभ्या नूडल्स खात असताना एजंटच्या फोनवर पुठ्ठ्याचा फोटो आला. ‘पारंपरकि’. त्यांच्या संगणकाला आपली ऱ्हस्व वेलांटी झेपली नव्हती. ‘र’च्या आधी यायची ती ‘क’ला चिकटली होती. मी म्हटलं, बदलायला सांग. मामानं फोन लांब धरून पाहिला, डोळे बारीक केले. “वाचता येतंय की. कोण बघतंय?”

माल निंगबो बंदरातून न्हावा शेव्याला जुलैत उतरला. खोकी उघडली तेव्हा मी मुद्दाम दुकानात गेले. तारांची टोकं गोल होती. पहिल्या खोक्यातली तरी. तिसऱ्या खोक्यातली पुन्हा कापून सोडलेली. मामीनं एक नथ घातली आणि मंगळागौरीत चार तासांनी काढून पदरानं नाक पुसलं. पदरावर हिरवट रेघ उठली. ती काही बोलली नाही. दादरची दुसरी नथ कुठे आहे, एवढंच तिनं मामाला विचारलं.

गणपतीला आठ दिवस असताना मामाचा फोन आला. आवाज तापलेला. चार दुकानं सोडून एकाकडे तीच नथ आलीय, पाच रुपयांनी स्वस्त. मोराची मान, हिरवा खडा, सगळं तेच. मी गेले. त्यानं माणूस पाठवून एक विकत आणली होती. मी ती उलटसुलट केली. तारेचं टोक कापून सोडलेलं. मग पुठ्ठा पाहिला. रंग गुलाबीचा निळा केला होता, कडेला पैठणीची नक्षी टाकली होती, आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘पारंपरकि मराठमोळी नथ’.

मला हसू आवरेना. मामा आधी रागावला, केस करतो म्हणाला, वकिलाचा नंबर शोधायला लागला. मग चष्मा वर सरकवून त्यानं दोन्ही पुठ्ठे शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत बसला.

“पुढच्या वर्षी अजून एक चूक घालू,” तो म्हणाला. “म्हणजे कोण कोण उचलतंय ते कळेल. तू सांग, ‘मराठमोळी’त काय चुकवू?”