कोळशाचा बॉयलर गॅसवर नेताना: माझा अनुभव

खाणींना वीज देणारा कोळशाचा बॉयलर आम्ही नैसर्गिक वायूवर नेला. बर्नर बदलणं हे त्यातलं सोपं काम. खरा वेळ गेला तो आधीच्या सफाईत आणि नंतर भट्टीतला दाब सांभाळण्यात.

बंकर (कोळसा साठवायची टाकी) रिकामा दिसला तरी कोपऱ्यांत कोळसा चिकटलेला असतो आणि तो आतल्या आत धुमसत राहतो. आत माणूस उतरवण्याआधी प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड मोजायचे, तेही दर वेळी. मिल (कोळसा दळणारं यंत्र), फीडर (मिलला कोळसा पुरवणारं यंत्र) आणि भुकटी नेणारे पाइप धुऊन काढायचे आणि मगच ब्लँक, म्हणजे पाइपचं तोंड बंद करणारी झाकणं, मारायचे. घाईत आधी ब्लँक मारला तर धूळ आत कोंडते आणि पुढे कुणी त्या पाइपवर कटर चालवला की भडका उडतो.

गॅस किती लागेल? 100 मेगावॉटला 33 टक्के कार्यक्षमता धरली तर ताशी सुमारे 29,000 घनमीटर. लाइनचा दाब 50 बारवरून 4-5 बारवर आणताना दर बारमागे साधारण अर्धा अंश तापमान उतरतं, म्हणजे एकूण वीसेक अंश. थंडीत दाब उतरवणाऱ्या रेग्युलेटरवर बर्फ धरतो आणि गॅसमध्ये ओल असेल तर आत हायड्रेट (पाणी आणि गॅसचे बर्फासारखे खडे) जमतं. म्हणून हीटर रेग्युलेटरच्या आधी बसवायचा. नवी लाइन हवेने फुंकून किंवा पिग (पाइपमधून सरकणारा सफाईचा बोळा) सोडून साफ करायची, गॅसने कधीच नाही. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका नव्या वीजकेंद्रात फेब्रुवारी 2010मध्ये नेमकं गॅसनेच पाइप फुंकले जात होते. स्फोटात 6 कामगार गेले.

गॅस स्वच्छ जळतो म्हणून बॉयलरची कार्यक्षमताही वाढेल, असं बरेच जण धरून चालतात. तसं होत नाही. गॅसमधल्या हायड्रोजनचं जळताना पाणी होतं, ते वाफ बनून उष्णता चिमणीतून घेऊन जातं आणि दोन-तीन टक्क्यांची घट सोसावी लागते. ज्योतही कमी उजळ असते, त्यामुळे भिंतींच्या नळ्या विकिरणाने कमी उष्णता घेतात आणि धूर जास्त गरम होऊन सुपरहीटरवर (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांवर) जातो. उलट राख न साचल्याने भिंती स्वच्छ राहतात. यातलं कोणतं पारडं जड होईल हे बॉयलरवर ठरतं. म्हणून बॉयलर गॅसवर पहिल्यांदा पेटवण्याआधीच सुपरहीटरच्या नळ्यांवर थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) लावून घ्या.

आता दाबाबद्दल. कोळशावर ट्रिप झाली, म्हणजे बॉयलर आपोआप बंद पडला, तरी पाइपमधली भुकटी काही क्षण जळत राहते. गॅसचा ट्रिप व्हॉल्व्ह सेकंदाभरात बंद होतो. ज्योत विझते, भट्टीतला वायू आकसतो आणि आयडी फॅन (भट्टीतला धूर चिमणीकडे ओढणारा पंखा) मात्र ओढतच असतो. दाब इतका खाली जातो की भिंती आत दबू शकतात. राखेचा बॅग फिल्टर काढून टाकला असेल तर वाटेतला अडथळाही गेलेला असतो आणि फॅनची सगळी ओढ भट्टीवर येते. म्हणून ट्रिपचा सिग्नल मिळताच आयडी फॅनचे डँपर (वाट कमी-जास्त करणाऱ्या झडपा) आधी ठरवलेल्या टप्प्यापर्यंत आपोआप मिटतील अशी जोडणी केली. एफडी फॅनचे (भट्टीत हवा ढकलणाऱ्या पंख्याचे) डँपर होते तिथेच ठेवायचे. ते मिटवण्याकडे ऑपरेटरचा हात आपसूक जातो, आणि तीच मोठी चूक. चाचणी कमी लोडवर सुरू करून टप्प्याटप्प्याने वर न्यायची. दाबाची नोंद मिलिसेकंदांत घ्यायची. सेकंदाला एक बिंदू घेणाऱ्या आलेखात दाबाचा खरा खड्डा दिसतच नाही. पुन्हा पेटवण्याआधी पूर्ण लोडच्या किमान 25 टक्के हवेवर निदान 5 मिनिटं आणि भट्टीच्या आकारमानाच्या पाचपट हवा जाईपर्यंत पर्ज, म्हणजे आत उरलेला गॅस हवेने बाहेर काढणं.

खाणीच्या बाजूने सगळ्यात मोठा फरक साठ्याचा. यार्डात महिन्याभराचा कोळसा असायचा, पाइपलाइनमधला गॅस काही तासांचा. त्यामुळे लोड तोडायचा क्रम कागदावर पक्का हवा: आधी खनिज दळणाऱ्या गिरण्या बंद करायच्या; खाणीत हवा खेळवणारे मुख्य पंखे, पाणी उपसणारे पंप आणि माणसांची ने-आण करणारा वाइंडर हे तिन्ही अगदी शेवटी. कमी दाबाचा अलार्म रेग्युलेटरच्या अलीकडे, लाइनच्या बाजूला लावा. पलीकडचा दाब शेवटपर्यंत स्थिर दिसतो आणि मग एकदम कोसळतो. तोवर पंप वाचवायला वेळ उरलेला नसतो.