विमान मळवायचं कशाला?

आमच्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस बैठकीतल्या काचेच्या कपाटापाशी थांबतोच. विमानांची मॉडेलं बघतो, रणगाड्यांची बघतो, "हे सगळं तुम्ही केलंत?" म्हणतो. मग चष्मा सावरून जरा वाकतो आणि ठरलेला प्रश्न येतो, "एवढं नाजूक काम करून नवंकोरं विमान तयार होतं, आणि मग तुम्ही ते असं मळवता कशाला?"

किती दिवस लागतात, खर्च किती येतो, विकता का, हेही लोक विचारतात. त्यांची उत्तरं चहा होईपर्यंत देऊन होतात. मळवण्याचं उत्तर मात्र तेवढ्यात बसत नाही. "खरं दिसावं म्हणून," एवढं म्हणून मी गप्प बसतो आणि पाहुणे गेले की चुटपुट लागून राहते, कारण ते उत्तर अर्धंच आहे. आता तुम्हीही तोच प्रश्न विचारलात म्हणून आज बाकीचं अर्धं सांगतो.

मी बहुतेक विमानं एकास बहात्तर या प्रमाणात करतो. सहा फुटांना एक इंच असा तो हिशोब. धिप्पाड माणूस अंगठ्याच्या पेराएवढा होतो. हे प्रमाण जुनं आहे. १९३६ साली ब्रिटनमध्ये 'फ्रॉग पेंग्विन' या नावाने विमानं जोडायचे प्लॅस्टिकचे संच निघाले ते याच प्रमाणात. पुढे महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकी नौदलाने शाळांतल्या मुलांकडून लाकडाची लाखो विमानं करून घेतली, तीही बहात्तराव्या हिश्शातली. ती काळी रंगवायची असत. आकाशात दिसणारी आकृती आपल्या विमानाची की शत्रूच्या, हे सैनिकांना ओळखायला शिकवणं एवढाच त्यांचा उपयोग, त्यामुळे आकार चोख असला की काम झालं. रंगाचा, डागांचा तिथे संबंधच नव्हता.

आमच्या घरात मात्र विमान आलं ते नानांच्या हातांच्या वासातून. नाना, म्हणजे माझे वडील, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ओझरच्या कारखान्यात फिटर होते. मिग-२१ हे रशियन लढाऊ विमान देशात बनवायचं ठरलं तेव्हा कामाची वाटणी झाली: सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला. ओझरला पुढे ६०० हून जास्त मिग-२१ तयार झाली. नानांची सुरुवातीची वर्षं जुळणीत गेली आणि नंतरची सगळी ओव्हरहॉलमध्ये. ठरलेले तास उडून झाले की विमान स्क्वाड्रनमधून परत यायचं, पार उघडलं जायचं, रंग उतरवला जायचा, भाग न् भाग तपासला जायचा, आणि ते नव्यासारखं होऊन पुन्हा जायचं. मी आज जे कुंचल्याने लावतो, ते नानांनी वर्षानुवर्षं फडक्याने पुसलेलं आहे.

पहिलं मिग केलं तेव्हा मी ते चकचकीत ठेवलं होतं. पंखांचा विस्तार दहा सेंटिमीटरला जेमतेम कमी. तळहातावर सहज मावलं. केशरी, पांढरा, हिरवा गोल कुठेही न सुरकुतता बसला होता. मोठ्या अभिमानाने नानांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडात धरलं, उलटं केलं, पोट बघितलं, शेपटीकडून डोळा लावून बघितलं आणि परत देताना म्हणाले, "काम सफाईदार आहे. पण हे अजून उडालेलं नाही रे."

त्या संध्याकाळी आम्ही जेवणं आटोपून बसलो आणि नाना सांगत गेले. वैमानिक डावीकडून शिडी लावून चढतो. नंतरच्या मिग-२१ ची कॉकपिटची काच उजवीकडे उघडते, म्हणून डावीकडचीच कड रोज हातांनी, बुटांनी घासली जाते. पंख जिथे अंगाला मिळतो तिथे तंत्रज्ञ उभे राहतात, तिथला रंग आधी मळतो आणि मग झिजतो. इंधन भरायच्या झाकणाभोवती केरोसीनचा काळपट ओघळ असतो आणि तो वाऱ्याच्या दिशेने मागे ओढला जातो, सरळ खाली येत नाही. रशियन विमानातलं हायड्रॉलिक तेल लाल असतं. पोटावरचे तांबूस डाग त्याचे. पोटाखालच्या २३ मिलिमीटरच्या जोडनळी तोफेच्या तोंडामागे काजळी. शेपटीशी, जिथून इंजिनाची आग बाहेर पडते, तिथला धातू तापून तापून निळसर, तपकिरी, मध्येच पिवळट होतो, आणि हा रंग कुठल्याही बाटलीत मिळत नाही, थर देऊनच आणावा लागतो.

एक गोष्ट तर मला कधीच सुचली नसती. नाकातला शंकू आणि उभ्या शेपटीचं टोक धातूचं नसतं, कारण आतल्या रडारच्या आणि रेडिओच्या लहरी त्यातून आरपार जायला हव्यात. मी उत्साहाने तिथेही रंगाचे टवके उडवून खाली चांदीसारखा पत्रा दाखवला होता. नाना म्हणाले, "इथे पत्रा आलाच कुठून?" तेव्हापासून कुठलाही ओरखडा काढण्याआधी मी स्वतःला हेच विचारतो: खाली काय आहे, आणि इथे कोणाचा हात किंवा पाय पोचतो? ज्या डागाचं उत्तर देता येत नाही तो डाग मी लावत नाही.

म्हणजे बघा, विमानाचा चेहरा वैमानिकाचा असतो, पण त्याच्या अंगावरचा मळ जमिनीवरच्या माणसांचा असतो. वैमानिकाचं नाव कधीकधी कॉकपिटखाली लिहिलेलं असतं. पहाटे चार वाजता थंडीत चाकांची हवा बघणाऱ्याचं, बुटांखाली ताडपत्री घालायला विसरलेल्या पोराचं, इंधनाची नळी ओढणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. त्यांनी विमानावर जे ठेवलं ते एवढंच. नवंकोरं विमान कारखान्याच्या दारापुरतं असतं. मी ते तसंच कपाटात ठेवलं, तर त्यानंतरच्या सगळ्या माणसांना वगळल्यासारखं मला वाटतं.

साधनं फार लागत नाहीत. तैलरंगाच्या ट्यूबमधला बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ करायचा, पत्र्यांच्या सांध्यांतून फिरवायचा आणि वाळत आला की इअरबडने वाऱ्याच्या दिशेने पुसायचा. घासलेल्या कडांना मऊ पेन्सिलीचं शिसं. धुळीला खडूची पूड, गेरू, चुलीतली राख. गेरूवरून आमचा एकदा छान वाद झाला. मी एका बायसनच्या चाकांना आणि चाकांच्या खोबणीत हलका गेरू लावला होता, दिसायला फार देखणा दिसत होता. (बायसन म्हणजे बिस जातीच्या सव्वाशे मिग-२१ ना नवं रडार वगैरे देऊन केलेली सुधारित आवृत्ती.) नानांनी विचारलं, "हे विमान कुठलं?" मी म्हणालो, बिकानेरजवळच्या नाल तळावरचं. "मग ही धूळ आपल्या कोकणातली कशी? तिकडून आलेलं विमान उघडलं की पिठासारखी फिकट रेती निघायची, कानाकोपऱ्यातून. महिनाभर निघायची." मी गेरू धुऊन टाकला आणि खडूत चिमूटभर पिवळी माती मिसळून पुन्हा बसलो.

मळवण्यातही अति करणारे आहेत, आणि तुमचा प्रश्न बहुधा तशी मॉडेलं बघूनच पडत असावा. बहात्तराव्या हिश्शात एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरचा, चार बोटं रुंद. असे दहा ओरखडे असलेलं विमान कुठलाही इंजिनिअर उडू देणार नाही. लढाऊ विमानाची रोज निगा राखली जाते. ते मळतं, पण गंजत नाही. प्रत्येक पत्र्याच्या कडेने काळी रेघ ओढलेलं विमान मला विमान वाटत नाही, ते विमानाचं रेखाचित्र वाटतं. हे माझं ठाम मत आहे आणि त्यावरून माझे मित्रांशी वाद होतात.

रणगाड्याचं गणित निराळं. त्याला चिखल शोभतो म्हणण्यापेक्षा चिखलाशिवाय तो अर्धवटच असतो. अहिल्यानगरच्या, तेव्हाच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात मी वही आणि टेप घेऊन बरेचदा गेलो आहे. मापं, वळणं, वेल्डिंगच्या शिवणी यांसाठी तशी जागा नाही. रंगासाठी मात्र तिथल्या रणगाड्यांवर विसंबता येत नाही, कारण उघड्यावर ठेवलेली वस्तू टिकवायला तिच्यावर रंगाचे थरावर थर द्यावे लागतात. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा 'फामागुस्ता' हा सेंच्युरियन मी एकास पस्तीस प्रमाणात केला. खेत्रपाल पुण्यात जन्मलेले, पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत रणगाड्याने पेट घेतला तरी मागे फिरायला त्यांनी नकार दिला आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. लोक म्हणाले, जळलेला दाखव, परिणाम साधेल. माझा हात धजला नाही. मी तो त्या सकाळचा केला आहे, नदी ओलांडून आलेला, पट्ट्यांना ओला चिखल, वरच्या बाजूला सुकत चाललेली धूळ, बुरुजाच्या झाकणाची कड हातांनी घासलेली. त्या कडेवर मी आठवडा घालवला.

आमच्या नाशकात जून ते सप्टेंबर रंगाचं काम जवळजवळ बंद असतं. दमट हवेत लॅकरचा फवारा मारला की रंगावर दुधासारखी साय धरते. एका श्रावणात घाई केली आणि सहा आठवड्यांचं काम पांढुरकं होऊन बसलं. सगळा रंग उतरवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हापासून पावसाळा कापण्या-जोडण्याचा आणि थंडी रंगाची, असं वर्ष वाटून घेतलं आहे.

आता थोडं अवघड सांगायचं आहे. मिग-२१ ला वर्तमानपत्रांनी 'उडती शवपेटी' म्हटलं. अपघात झाले, फार झाले, तरुण मुलं गेली. त्याबद्दल दुमत नाही. पण ज्या घरातला माणूस त्या विमानाचे स्क्रू आवळून संध्याकाळी घरी येतो, त्या घरात हे शब्द कसे ऐकू येतात ते मला माहीत आहे. अपघाताची बातमी लागली की नाना रेडिओ बंद करत नसत. पूर्ण ऐकत. जात कुठली, तळ कुठला, वैमानिक बाहेर पडला का. मग अंगणात जाऊन बराच वेळ उभे राहत. आपल्या हाताखालून गेलेलं तर नसेल, हे ते कधी बोलले नाहीत, पण आई जेवायला हाक मारायची थांबायची. कपाटातली मिगं मी इतक्या बारकाईने का करतो याचं हेही एक कारण आहे. त्या विमानावर किती माणसांनी किती काळजीने हात ठेवले होते ते कुठेतरी दिसायला हवं.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. १९६३ साली पहिली स्क्वाड्रन उभी राहिली तीही तिथेच. नाना सकाळपासून टीव्हीसमोर होते. भाषणं चालू असताना डोळे मिटून बसले होते. विमानांवर पाण्याच्या कमानी सोडल्या तेव्हा खुर्ची पुढे ओढली आणि पडद्याला नाक लागेल इतके वाकून डाव्या पंखाच्या मुळाशी काय दिसतं ते बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून विचारलं, "सत्त्याहत्तर करणार का?" टाइप ७७ म्हणजे मिग-२१ एफएल, ओझरला बनलेली पहिली जात, नानांच्या उमेदवारीच्या दिवसांतली. संच आला आहे, सांगाडा जोडून झाला आहे, थंडी पडली की रंगाला घेईन. हिची कॉकपिटची काच उजवीकडे नाही, पुढे नाकाच्या दिशेला उघडते. म्हणजे चढताना हात कुठे टेकत असेल, यावर सध्या रोज संध्याकाळी आमची चर्चा चालू आहे. नाना डोळे मिटतात, डावा हात वर नेतात, हवेत काहीतरी धरतात, आणि म्हणतात, "थांब, आठवतंय."