ओनोमिची: 'टोकियो स्टोरी'चं गाव

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूच्या 'टोकियो स्टोरी'त (1953) म्हातारं जोडपं शुकिची आणि तोमी ओनोमिचीहून टोकियोला मुलांकडे जातं, आणि परतल्यावर तोमी वारते. या सिनेमासाठी ओनोमिचीला निघाला असाल, तर शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने शिन-ओनोमिचीला उतरू नका. तिथे फक्त सगळ्या स्टेशनांवर थांबणारी कोदामा ही शिंकान्सेन थांबते आणि गावात यायला बस धरावी लागते. मी फुकुयामाला उतरून सान्यो मार्गावरची साधी लोकल घेतली. वीसेक मिनिटांत गावातल्या ओनोमिची स्टेशनात पोचता येतं. बसायचं डावीकडे, समुद्र त्या बाजूला दिसतो. पलीकडचं मुकाइशिमा बेट इतकं जवळ आहे की मधलं पाणी नदीच वाटतं.

स्टेशनाहून पूर्वेला, छप्पर असलेल्या बाजारपेठेतून जोदो-जी मंदिर साधारण अर्ध्या तासावर आहे. पायऱ्या चढायच्या आधी रेल्वेरुळांखालून जावं लागतं. वर मंदिर, खाली बोटी आणि मध्ये आगगाडी. सिनेमात मृत्यूच्या घरातही हेच आवाज ऐकू येत राहतात, म्हणून ते दुःख खरं वाटतं.

आई तोमी गेल्यावर शुकिची पहाटे याच आवारात उभा असतो. सून नोरिको शोधत येते, तर तो म्हणतो, सूर्योदय सुंदर होता, आजही उकडणार. शुकिची झालेला नट चिशू र्‍यू हे इतकं सहज बोलतो की आपल्यालाच गलबलून येतं.

मला मात्र त्यांच्या धाकट्या मुलाचा, केइझोचा प्रसंग जास्त लागतो. आईवडील गेल्यावर त्यांची सेवा करता येत नाही, हे वचन तो आधी ओसाकाच्या कचेरीत गप्पांच्या ओघात बोलून जातो. पुढे आईच्या अखेरच्या क्षणी तो पोचत नाही. अंत्यविधीत मंत्रपठणाच्या वेळी वाजवायच्या मोकुग्यो या लाकडी वाद्याचे ठोके ऐकताना आई लहान लहान होत चालल्यासारखी वाटते, म्हणून तो उठून बाहेर येतो, आणि मग तेच वचन पुन्हा त्याच्या तोंडी येतं. ओझू इथे कोणालाही दोष देत नाही. मुलं वाईट नाहीत, कामात आहेत; आपल्याला सुटका मिळत नाही ती त्यामुळेच.

कुटुंबाचं घर शोधत गल्ल्या पालथ्या घालू नका. घरातली दृश्यं शोचिकु या चित्रपट कंपनीच्या ओफुना स्टुडिओतल्या सेटवर झाली. खिडकीतून डोकावणारी शेजारीणही तिथलीच. सुरुवातीला ती प्रवासाला निघालेल्या जोडप्याचं कौतुक करते. शेवटी त्याच खिडकीशी शुकिची तिला म्हणतो, असं होणार हे माहीत असतं तर तोमी असताना तिच्याशी अधिक मायेने वागलो असतो. मुलं तोवर आपापल्या घरी परतलेली असतात.

जाण्याआधी सिनेमा पुन्हा पाहा, 136 मिनिटांचा आहे. निदान ओनोमिचीतला शेवटचा भाग तरी चुकवू नका. नोरिकोची कबुली त्यातच आहे: युद्धात गेलेल्या नवऱ्याची हल्ली काही दिवस आठवणही येत नाही. सासरा तिला दुसरं लग्न कर म्हणतो आणि तोमीचं घड्याळ देतो. नोरिको झालेल्या सेत्सुको हाराचं इथलं रडणं मोठ्या पडद्यावर पाहायला मिळालं तर उत्तम.