मांडीखाली दाबलेले हात

गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या लेकीने शाळेच्या प्रकल्पासाठी मातीचे एक छोटे घर केले. त्याला उतरते छप्पर होते, दोन खिडक्या होत्या आणि काडेपेटीएवढा जिना होता. माती वाळेपर्यंत घराला हात लावायचा नाही, असे तिने पाच वर्षांच्या धाकट्या भावाला तीनदा बजावले आणि ती अंघोळीला गेली. तेवढ्यात मला फोन आला. "मी पाच मिनिटांत येते, मग उरलेल्या मातीचं आपण दोघं काहीतरी करू, तोवर हात लावू नकोस हं," असे धाकट्याला सांगून मी शेजारच्या खोलीत गेले. दार अर्धवट उघडे असल्यामुळे तो मला दिसत होता, मी मात्र त्याला दिसत नव्हते.

सुरुवातीला तो टेबलापासून चांगला लांब बसला. मग खुर्ची थोडी पुढे सरकली, आणखी थोडी सरकली, आणि टेबल हाताच्या अंतरावर आल्यावर त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. तसेच बसून त्याने एक गाणे पूर्ण म्हटले. नंतर खुर्चीवरून उतरून तो टेबलाकडे पाठ करून उभा राहिला, पण मान हळूहळू मागे वळलीच. छपरावर त्याने अलगद फुंकर मारून पाहिली, कारण फुंकर मारू नकोस असे कुणी सांगितलेले नव्हते. शेवटी उजव्या हाताची तर्जनी पुढे गेली, छपराच्या कोपऱ्यावर क्षणभर टेकली आणि चटका बसावा तशी मागे आली. त्याने बोट निरखून पाहिले, चड्डीला पुसले आणि हात पुन्हा मांडीखाली घातले.

मी बाहेर आले तेव्हा छपराच्या कोपऱ्यात त्याच्या बोटाचा ठसा स्पष्ट उमटला होता. "एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला?" मी विचारले. तो रडवेला होऊन म्हणाला, "कळतं. पण बोट गेलं."

नंतर मी फोन पाहिला. ते बोलणे सतरा मिनिटे चालले होते.

कळते पण वळत नाही, असे आपण मुलांविषयी नेहमी म्हणतो आणि म्हणताना आपला सूर तक्रारीचाच असतो, जणू कळले की वळणे आपोआप व्हायला हवे. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी मुलामध्ये वेगवेगळ्या वेळी येतात. नियम काय आहे हे मूल फार लवकर शिकते, परंतु सुटू पाहणारा हात थोपवून धरण्याच्या कामात मेंदूच्या ज्या पुढच्या भागाचा मोठा वाटा असतो, तो पूर्ण पक्व व्हायला वयाची विशी उलटून बरीच वर्षे जावी लागतात. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना 'नाही, नाही' असे स्वतःच मोठ्याने म्हणत बंद कपाटाचे दार उघडायचा. त्या वेळी मला तो निव्वळ हट्ट वाटला होता. पुढे रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांच्या निरीक्षणांविषयी वाचले. अगदी लहान मुलांच्या हातात रबरी फुगा देऊन त्यांना 'दाबू नको' असे स्वतःशी मोठ्याने म्हणायला लावले, तर त्या शब्दांनी हात थांबण्याऐवजी फुगा उलट दाबलाच जातो, असे त्यांनी नोंदवले होते. त्या वयात शब्दाचा अर्थ हाताला आवरत नाही आणि शब्दाचा जोर मात्र हाताला ढकलतो. हे वाचल्यावर कपाटापाशी उभा असलेला माझा तीन वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आला आणि त्या वेळी त्याला किती रागावले होते, तेही आठवले.

मोहासमोर बसलेल्या मुलांचा सर्वांत प्रसिद्ध अभ्यास मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीपासून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केला. आत्ता हवा असेल तर एक खाऊ मिळेल, मोठे माणूस परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील, असा तो सौदा होता. मार्शमॅलो नावाच्या मऊ, गोड मिठाईवरून मार्शमॅलोचा प्रयोग म्हणून तो जगभर गाजला आणि जे मूल थांबते ते पुढे आयुष्यात यशस्वी होते, एवढाच त्याचा अर्थ लोकांच्या मनात राहिला. तो अर्थ पुरता टिकलेला नाही. 2018 साली नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हा संबंध पुन्हा तपासला गेला, तेव्हा तो मुळातच पहिल्यापेक्षा बराच कमी आढळला आणि घरची परिस्थिती व मुलाची आधीची बौद्धिक क्षमता विचारात घेतल्यावर आणखी क्षीण झाला. मला मात्र या अभ्यासातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. थांबू शकलेली मुले मनाने पोलादी होती म्हणून थांबली नव्हती. त्यांनी डोळे झाकून घेतले, खुर्ची फिरवली, गाणी म्हटली, स्वतःच्या हातापायांशी खेळ केले. खाऊ समोर उघडा न ठेवता झाकून ठेवला, तर मुले कितीतरी अधिक वेळ थांबत. म्हणजे जे मूल मोहाकडे टक लावून झुंजत बसते ते लवकर हरते, आणि ज्याला नजर दुसरीकडे वळवण्याची युक्ती सापडते ते तग धरते. माझ्या मुलाला ही युक्ती कुणी शिकवली नव्हती. तरीही गाणे, पाठ फिरवणे आणि मांडीखालचे हात हे सारे त्याने त्या सतरा मिनिटांत आपले आपण शोधून काढले होते.

आता माझ्या वाट्याची गोष्ट. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्रज्ञ सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 28 मुलांना आधी एक वचन दिले : थांबलात तर चित्रकलेचे अधिक चांगले साहित्य आणून देऊ. निम्म्या मुलांच्या बाबतीत ते वचन पाळले, उरलेल्यांना 'साहित्य नाही, माफ कर' असे सांगितले. त्यानंतर तोच मार्शमॅलोचा सौदा ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, आणि ज्यांची निराशा झाली होती ती अवघी तीन मिनिटे. हे आकडे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. पाच मिनिटांत येते म्हणून सांगून मी सतरा मिनिटे आले नाही, आणि तो दिसतो आहे म्हणून मला घाईही वाटली नाही. त्याने तरीही बारा-तेरा मिनिटे माझ्या शब्दावर काढली असतील. शब्द आधी मी मोडला, बोट नंतर गेले. रागावणे मात्र त्याच्या एकट्याच्या वाट्याला आले.

अशा मुलांना चांगला दम भरावा, म्हणजे ती पुन्हा धजावत नाहीत, असे सांगणारी माणसे प्रत्येक कुटुंबात असतात. दमाने हात थांबतो हे खरे आहे, पण दम देणारा समोर असेपर्यंतच. मानसशास्त्रज्ञ जोनाथन फ्रीडमन यांनी 1965 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मुलग्यांना एका आकर्षक खेळण्याला हात लावल्यास मी फार रागावेन आणि मग मला काहीतरी करावे लागेल असे बजावले आणि काहींना फक्त 'हात लावणे बरोबर नाही' असे सौम्यपणे सांगितले. त्या वेळी दोन्ही गटांतील जवळजवळ सगळी मुले थांबली. काही आठवड्यांनी वेगळी व्यक्ती समोर होती आणि कसलीही मनाई नव्हती, तेव्हा कडक धमकी मिळालेल्यांपैकी बहुतेक मुलांनी ते खेळणे घेतले, सौम्यपणे सांगितलेल्यांपैकी मात्र थोड्यांनीच. ज्याला बाहेरून दाबले गेले नव्हते, त्याला थांबण्याचे कारण स्वतःच्या मनातच शोधावे लागले असावे. ते एकदा सापडले की मूल ते स्वतःबरोबर घेऊन फिरते.

मला सर्वांत खुपतात ते आपण मुलांना बहाल करतो ते शब्द : द्वाड, वांड, उपद्व्यापी. ते कौतुकाने उच्चारले तरी खुपतात, कारण ते केवळ मोडलेल्या नियमांवरून ठरलेले असतात. खोडकर मुलाच्या दिवसात असे शेकडो क्षण येतात जेव्हा त्याचा हात शिवशिवतो आणि तो आवरतो, पण ते क्षण कुणाच्या नजरेला पडत नाहीत, कारण तेव्हा काही पडत नाही, काही फुटत नाही. मीही त्या दिवशी दाराआड नसते, तर मला फक्त ठसा दिसला असता. शांत स्वभावाच्या मुलाला जे न झगडता जमते, त्यासाठी या मुलाला पंधरा मिनिटे स्वतःशी कुस्ती खेळावी लागते आणि शेवटच्या क्षणी तो हरला की पूर्ण कुस्ती शून्य धरली जाते. हा हिशेब मला मान्य नाही.

त्या संध्याकाळी मी त्याला जवळ घेऊन सांगितले की उशीर माझ्याकडून झाला, आणि तू गाणे म्हणत थांबला होतास ते मी पाहिले आहे. "हात खाली ठेवले होते ते पण पाहिलंस?" त्याने लगेच विचारले. तेही पाहिले, असे मी सांगितले. लेकीने ओल्या बोटाने ठसा पुसायला घेतला होता, पण मग का कुणास ठाऊक, तो तसाच ठेवला.

परवा तिच्यासाठी रंगांची नवी पेटी आणली. ती शाळेतून येईपर्यंत पेटी उघडायची नाही, असे ठरले. तो थोडा वेळ पेटीभोवती घुटमळला, मग ती दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, "आई, ही वर ठेव." मी ती कपाटावर ठेवली. तो दोन पावले मागे गेला, टाचा उंचावून त्याने वर पाहिले आणि म्हणाला, "दिसतेय अजून." मी पेटी आणखी आत, पार भिंतीला टेकेपर्यंत सरकवली.